व्हॅन गॉगचा चेहरा कॉपी करताना चिखल का होतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. दोन वर्षं ॲक्रिलिकमध्ये काम करून तुम्ही तैलरंगाकडे वळलात. व्यक्तिचित्र शिकायचं म्हणून व्हॅन गॉगचं सप्टेंबर १८८९ मधलं, निळ्या-हिरव्या भोवऱ्यांच्या पार्श्वभूमीचं आत्मचित्र कॉपी करायला घेतलंत. तीन आठवड्यांत कोट जमला, पार्श्वभूमी जमली. चेहरा मात्र रोज रंगवूनही मळकट होत चाललाय आणि त्यातला हिरवा 'आजारी' दिसतोय. म्हणून विचारताय, की चित्रच चुकीचं निवडलं का, आणि आधी साधं वास्तववादी पोर्ट्रेट शिकायला हवं होतं का.

चित्र अवघड आहे, पण निवड चुकलेली नाही. मला तुमच्या प्रश्नात दोन वेगळ्या अडचणी एकमेकींत गुंतलेल्या दिसतात. एक हाताची: ओला तैलरंग कसा हाताळायचा. दुसरी डोळ्याची: त्याच्या चेहऱ्यात खपणारा हिरवा तुमच्या चेहऱ्यात का खपत नाही. पहिली दोन-चार दिवसांत सुटेल. दुसरी सुटायला वेळ लागतो आणि खरं शिकणं तिच्यातच आहे.

आधी चिखलाचं. ॲक्रिलिकमधलं पाणी उडून जातं आणि थर काही मिनिटांत वाळतो. वर दुसरा रंग ओढला तरी खालचा हलत नाही. चुकलं की झाकायचं, ही सवय हाताला लागते. तैलरंगातलं तेल पाण्यासारखं उडून जात नाही, ते हवेतला ऑक्सिजन घेऊन हळूहळू घट्ट होतं. पातळ थराला काही दिवस, जाड थराला आठवडे, कधी महिने. परवा लावलेला गुलाबी आज वरून कोरडा वाटला तरी साईखालच्या दुधासारखा आत ओलाच असतो. त्यावर हिरवा ओढलात की ब्रश खालचा गुलाबी उचलतो. लाल आणि हिरवा हे पूरक रंग. शेजारी ठेवले तर एकमेकांना पेटवतात, कालवले तर एकमेकांना मारतात. तुमच्या चेहऱ्यावर दुसरी गोष्ट चाललीय.

म्हणून माझा नियम साधा आहे. एकाच जागी तिसरा फटकारा मारावासा वाटला की ब्रश खाली ठेवायचा आणि पॅलेट नाइफ उचलायचा. ती जागा खरवडायची, चिंधीने पुसायची, रंग पुन्हा कालवायचा आणि पुन्हा एकदाच लावायचा. खरवडता येणं ही तैलरंगाची सगळ्यात मोठी मेहेरबानी आहे. ॲक्रिलिकवाल्यांना ती उधळपट्टी वाटते, रंग वाया गेला म्हणून जीव हळहळतो. पण वाया गेलेला रंग परवडतो, घोटून मेलेला चेहरा नाही.

दुसरं म्हणजे, रंग कॅनव्हासवर कालवू नका. चेहऱ्याला लागणाऱ्या सात-आठ छटांच्या ढिगल्या पॅलेटवर आधी तयार ठेवा आणि मगच चेहऱ्याला हात लावा. उबदार छटांना एक ब्रश, थंड छटांना दुसरा, सगळ्यात उजळ जागांना तिसरा. दुसऱ्या हातात कायम चिंधी. फटकारा मारला की पुसायचा. जाड, उठावाचे फटकारे हवेत तर रंगात तेल घालू नका. तेलाने फटकारा ढिला पडतो आणि त्याची धार मावळते. ट्यूबमधला रंगच तेलकट वाटला तर तासभर कागदावर काढून ठेवा, जादा तेल कागद शोषून घेतो.

आणि पांढरा! बहुधा तुमच्याकडे टिटॅनियम व्हाइट आहे. व्हॅन गॉगकडे तो नव्हता. तो चित्रकारांच्या पेटीत आला साधारण १९२० च्या आसपास. त्याच्याकडे होते लेड व्हाइट आणि झिंक व्हाइट. टिटॅनियम फार जोरकस आहे, चिमूटभर टाकला तरी रंग खडूसारखा पांढुरका पडतो. त्वचेच्या छटांचा जीव जातो तो पुष्कळदा इथेच. निम्म्याहून कमी घ्या आणि उजळपणा शक्य तिथे पिवळ्यातून आणा. लेड व्हाइट शोधायच्या मात्र मागे लागू नका, तो विषारी आहे. व्हॅन गॉगचे क्रोम यलो आणि एमराल्ड ग्रीनही तसेच; पहिल्यात शिसं, दुसऱ्यात आर्सेनिक. कॅडमियम यलो (तोही जपूनच हाताळायचा), व्हिरिडियन (थंड हिरवा), अल्ट्रामरीन (गडद निळा), कोबाल्ट ब्लू, एक शेंदरी लाल, एक थंड किरमिजी लाल आणि यलो ऑकर एवढ्यात या चित्राचं भागतं. काळा मी या सरावात घेऊ देत नाही. गडद हवा तर अल्ट्रामरीनमध्ये लाल.

आता हिरव्याकडे येऊ.

हे चित्र पाहताना आपल्याला आधी काय दिसतं? भोवरे, फटकारे, पेटलेली नारिंगी दाढी. म्हणजे रंग आणि हाताची ऐट. त्यामुळे कॉपी करणारा फटकाऱ्यांच्या मागे धावतो. पण चित्राचा फोटो कृष्णधवल करून पाहा. एकदम शांत, नीट बांधलेलं डोकं दिसेल. कपाळ पुढे, कानशिलं मागे, डोळ्यांच्या खोबणी आत, नाकाची कड धारदार. इतका भडक रंग वापरूनही त्याने उजळ-गडदाची, म्हणजे टोनची, शिस्त मोडलेली नाही. चेहऱ्यातला हिरवा शेजारच्या उबदार छटेच्या टोनला जवळजवळ चिकटून असतो. रंग बदलतो, उजळपणा फारसा बदलत नाही. म्हणून डोळा तो हिरवा 'त्वचेचा सावलीकडे वळलेला भाग' म्हणून वाचतो. तोच हिरवा एखाद-दोन पायऱ्या गडद झाला की डोळ्याला वळण दिसत नाही, डाग दिसतो. मार लागल्याचा, आजाराचा. तुमचा शब्द अगदी अचूक आहे.

तपासायला सोपं आहे. तुमच्या कॅनव्हासचा आणि मूळ चित्राचा फोटो एकाच फोनवर कृष्णधवल करा आणि शेजारी ठेवा. तुमचा हिरवा जिथे भोकासारखा दिसेल तिथे रंग बरोबर असून टोन चुकलाय. मी पैज लावायला तयार आहे, की चारपैकी तीन ठिकाणी हेच निघेल.

चौथ्या ठिकाणी दुसरं कारण निघेल. तुम्ही पार्श्वभूमी आधी 'संपवलीत'. या चित्रात कोट आणि पार्श्वभूमी जवळपास एकाच फिकट निळसर-हिरव्या कुळातले आहेत आणि त्यांच्या समोर केसांचा, दाढीचा नारिंगी उभा आहे. चेहऱ्यातला हिरवा हा त्या पार्श्वभूमीचाच नातेवाईक. तो चेहऱ्यात आल्यामुळे डोकं हवेत बसतं, कागदातून कापून चिकटवल्यासारखं दिसत नाही. तुमची पार्श्वभूमी मूळापेक्षा जरा जास्त निळी झाली असेल (स्क्रीनवरून काम करताना हे सर्रास होतं), तर चेहऱ्यातला हिरवा पोरका पडतो. मग तुम्ही तो दुरुस्त करत बसता, आणि चूक असते मागे. म्हणून एक कोपरा संपवून पुढे जाण्याची पद्धत इथे चालत नाही. दाढी, गाल, कोट, पार्श्वभूमी, चौघांचे पहिले रंग एकाच बैठकीत, पातळ, शेजारी-शेजारी पडायला हवेत. चौघांचं आपसात जमलं की मग जाडी चढवायची.

माझी स्वतःची फजिती सांगते. शिकत असताना मी त्याच्या जोसेफ रूलँचं, म्हणजे फ्रान्समधल्या आर्ल गावच्या पोस्टातल्या त्याच्या मित्राचं, फुलांच्या पार्श्वभूमीचं १८८९ मधलं व्यक्तिचित्र कॉपी करत होते. त्या माणसाची दोन फाट्यांची भरघोस दाढी मला इतकी आवडली, की बारीक ब्रश घेऊन एकेक कुरळी बट तीन दिवस रंगवली. आमच्या सरांनी कॅनव्हास उलटा केला, मला खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभं केलं आणि विचारलं, "यात हनुवटी कुठे आहे?" मला सांगता येईना. मी लोकर रंगवली होती. मूळ चित्रात प्रत्येक वळणदार फटकारा हनुवटीच्या गोलाईवरून वाहतो, खाली हाड आहे हे सांगत वाहतो. मी फटकाऱ्याचा आकार उचलला होता, तो तिथे का आहे हे उचललं नव्हतं. तुमचे भोवरे जमले आणि चेहरा जमला नाही, त्यामागे हेच असावं. पार्श्वभूमीच्या भोवऱ्याखाली हाड नसतं, तो चुकला तरी निभावतो. गालाचा फटकारा चुकला की गालच जातो.

आता तुमचा दुसरा प्रश्न, आधी वास्तववादी शिकावं का. याला सरसकट हो-नाही नाही. तुमचं रेखांकन किती पक्कं आहे यावर ते अवलंबून आहे. साध्या पेन्सिलीने, तीन टोनमध्ये, समोर बसलेल्या माणसाचं डोकं अर्ध्या तासात पटण्याजोगं येत असेल तर खुशाल हीच कॉपी पुढे न्या. येत नसेल तर ही कॉपी तुम्हाला रंगाबद्दल बरंच शिकवेल, पण व्यक्तिचित्र शिकवणार नाही. पट्टीच्या गायकाची तान ऐकून तान उचलता येते, पण सूर लागत नसेल तर ती तान हवेतच राहते.

खुद्द व्हॅन गॉगचा रस्ता पाहा. १८८० च्या सुमारास चित्रकार व्हायचं ठरवल्यावर त्याने चार्ल्स बार्ग यांच्या रेखांकन-पाठांचे तक्ते पुन्हा पुन्हा गिरवले. १८८४-८५ मध्ये न्यूनेन या गावी शेतकऱ्यांची चाळीसहून जास्त डोकी रंगवली, जवळजवळ सगळी तपकिरी-काळपट, टोनवर उभी असलेली. 'बटाटे खाणारे' हे चित्र त्यानंतरचं. पॅरिसला गेला १८८६ मध्ये. पॅलेट तिथे उजळलं. मॉडेलला द्यायला पैसे नसल्याने आरशात पाहून स्वतःलाच रंगवत राहिला, त्याच्या पस्तीसेक आत्मचित्रांपैकी बहुतेक तिथलीच. म्हणजे तुम्ही कॉपी करताय तो हिरवा चेहरा नऊ वर्षांच्या सरावाच्या टोकाला आलेला आहे. घाबरवायला सांगत नाही. त्या चेहऱ्याच्या पोटात ती तपकिरी डोकी आहेत, हे लक्षात असलं की कॉपी कुठून सुरू करायची ते कळतं.

कॉपी करण्यात कमीपणा वाटत असेल तर तोही सोडा. दक्षिण फ्रान्समधल्या सॅं-रेमीच्या मनोरुग्णालयात, हे आत्मचित्र झालं त्याच महिन्यांत, तो मिले, डेलाक्रॉय, रेम्ब्रांट यांच्या चित्रांवरून काम करत होता. मिलेची तर वीसेक चित्रं केली. आणि त्याच्यासमोर मूळ चित्रं नव्हती, कृष्णधवल छापे होते. रेषा आणि टोन मिलेचे, रंग त्याचे. धाकट्या भावाला, थिओला, लिहिलेल्या पत्रात त्याने याची तुलना दुसऱ्याची रचना वाजवणाऱ्या वादकाशी केली आहे. तुमच्यासाठी मी जो क्रम सुचवते तो बराचसा याच्यावरूनच सुचलेला आहे.

पहिली बैठक: कृष्णधवल छापा समोर ठेवून, रॉ अंबर (मातकट तपकिरी) आणि पांढरा एवढ्यावर फक्त डोकं. चार टोन, त्याहून जास्त नाहीत. डोळे किलकिले करून पाहायचं, बुबुळं रंगवायची नाहीत. हे कागदावर गेसो (रंगाआधी लावायचा पांढरा अस्तर-थर) लावून केलं तरी चालेल. एका बैठकीत न जमल्यास दुसरी, तिसरी. इथे घाई करणारे पुढे सगळीकडे अडखळतात, म्हणून मी विद्यार्थ्यांना इथेच सगळ्यात जास्त रखडवते.

मग पूर्ण चित्र न घेता एक तुकडा निवडा. एक डोळा, त्याखालचा गाल, दाढीची सुरुवात आणि कडेची बोटभर पार्श्वभूमी. तो मूळ मापात रंगवा. पॅरिसच्या ओर्से संग्रहालयातलं हे चित्र साधारण ६५ बाय ५४ सेंटिमीटरचं आहे, त्यावरून तुकड्याचं माप काढता येतं. मापाचा आग्रह का? कॅनव्हास निम्मा केला की फटकाराही निम्मा व्हायला हवा, मग ब्रश बारीक होतो, मनगटाऐवजी बोटं चालू लागतात आणि चित्राचा ठेकाच बदलतो. तुमची कॉपी वहीच्या पानाएवढी असेल तर चेहरा घोटला जाण्याचं तेही एक कारण आहे. तुकडा करताना प्रत्येक फटकाऱ्याला एकच प्रश्न विचारा: हा कुठल्या दिशेने वळतोय आणि त्याखालचा भाग तसाच वळतोय का?

तुकडा जमला की मग पूर्ण कॉपी, आणि तीही तीन-चार बैठकांत सोडून द्यायची. हुबेहूब होणार नाही. होऊ नये.

रंग 'जुळवण्या'बद्दल एक सावधगिरी. तुम्ही मूळ चित्राशी नाही, एका फोटोशी जुळवताय आणि दोन संकेतस्थळांवरचे फोटो एकमेकांशी जुळत नाहीत. शक्यतो संग्रहालयानेच दिलेला मोठ्या रिझोल्यूशनचा फोटो घ्या आणि तो एकच धरा. त्यातून मूळ चित्रंही बदललेली आहेत. त्याचे काही लाल लेक रंग (विरघळणाऱ्या रंगद्रव्यापासून बनवलेले पारदर्शक रंग), विशेषतः जिरेनियम लेक, उजेडाने उडाले. क्रोम यलो काही ठिकाणी तपकिरीकडे झुकला. त्याच्या शयनगृहाच्या चित्रातल्या भिंती पत्रात फिकट जांभळ्या आहेत, आज आपल्याला निळ्या दिसतात, कारण जांभळ्यातला लाल गेला. तेव्हा एखादी छटा नेमकी सापडत नाही म्हणून रात्र जागवू नका. छटांमधलं नातं जुळलं, म्हणजे हा त्याच्यापेक्षा थंड, तो याच्यापेक्षा उजळ, एवढं पुरे.

कॉपीनंतरचा टप्पा बहुतेक जण गाळतात. कॅनव्हास भिंतीकडे तोंड करून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी तेच डोकं आठवणीने, छोट्या आकारात रंगवा. काय आठवलं ते तुम्ही शिकलात, बाकीचं नुसतं उतरवलं होतं. मग जिवंत माणूस बसवा, कोणी नसेल तर आरसा. पॅलेट तेच. पण भोवरे उसने घेऊ नका. उसनी घ्यायची ती विचारण्याची पद्धत. समोरच्या माणसात जोरकस रंग कुठला आणि त्याच्यासमोर त्याचा पूरक कुठे ठेवता येईल? त्याच दिवसांतलं त्याचं दुसरं आत्मचित्र पाहा, वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीतलं, हातात पॅलेट असलेलं. माणूस तोच, काळ तोच. पण तिथे पार्श्वभूमी गडद निळी-जांभळी आहे आणि चेहरा फिकट, पिवळट-हिरवट होऊन तिच्यातून पुढे येतो. चेहऱ्याचा रंग एकच 'खरा' असता तर ही दोन चित्रं शक्यच नव्हती. दोन्ही शेजारी ठेवून पंधरा मिनिटं नुसती पाहा. माझ्या या लांबलचक उत्तरापेक्षा त्यातून जास्त मिळेल.

जाता जाता: १८९० मध्ये वारलेल्या माणसाच्या चित्रावर आता कोणाचा स्वामित्वहक्क नाही, कॉपी करायला हरकत नाही. फक्त त्याची सही करू नका आणि कॅनव्हासच्या मागे 'व्हॅन गॉगवरून, अभ्यासप्रत' असं तुमच्या नावासह लिहा. पॅरिसच्या लूव्ह्र संग्रहालयात बसून कॉपी करणाऱ्यांना मूळ मापाची प्रत करू देत नाहीत, ते याच काळजीने.

राहता राहिला तुमचा आत्ताचा कॅनव्हास. फेकू नका. चेहऱ्यावरचा जाड रंग नाइफने हलक्या हाताने खरवडा. वाळून बसलेले उंचवटे राहिले तर राहू देत. मग जो ओलसर थर उरेल त्यावर जुन्या वर्तमानपत्राचा कागद ठेवा, तळव्याने दाबा आणि एका बाजूने सावकाश सोलून काढा. हेन्री टाँक्स या इंग्लिश चित्रकार-शिक्षकाच्या नावावरून या युक्तीला टाँकिंग म्हणतात. जादा रंग आणि तेल कागदावर जातं, मागे चेहऱ्याची पुसट सावली राहते, कडा मऊ, टोन एकमेकांत मिसळलेले. बहुतेक वेळा ती सावली तुम्ही रंगवलेल्या चेहऱ्यापेक्षा मूळ चित्राच्या जवळ निघते. तिला आठवडाभर वाळू द्या. मग ढिगल्या कालवा आणि कपाळापासून सुरू करा, डोळे सगळ्यात शेवटी.